स्वस्तातला पोरगा

दिवाळीत आमच्या देडतलाईच्या घरी चौदा माणसं जमली होती आणि त्यातली सहा फुटबॉलवेडी. पुण्याहून आलेला थोरला पुतण्या, इंदूरला सीए करणारी भाची, बऱ्हाणपूरला बारावीत असलेला धाकटा आणि त्यांच्या मागेपुढे फिरणारी तीन लहान मुलं. फराळाची ताटं ओसरीवर आली आणि फुटबॉलचा विषय निघाला. इंग्लंडमधल्या एका क्लबचे हे सगळे चाहते. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग निम्मी घरं हा लेख इथंच सोडून देतील.

प्रश्न असा होता की जानेवारीत खेळाडूंची खरेदी-विक्री पुन्हा सुरू होईल, तेव्हा क्लबने एका एकोणीस वर्षांच्या मुलाला घ्यावं की नाही. मुलगा खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारा. नाव फारसं कुणाला माहीत नाही. किंमत मात्र अगदीच कमी.

"सतरा मॅचमध्ये तीन गोल. आणि ह्याला घ्यायचं?" पुण्याचा पुतण्या म्हणाला. "स्वस्त मिळतंय म्हणून घ्यायचं असेल तर बाजार उठताना उरलेली वांगीपण स्वस्तच असतात."

"वांगी सडतात रे दादा, पोरगा वाढतो," भाची म्हणाली.

"वाढेपर्यंत आपण कुठल्या नंबरवर असू?"

"तू तरी नोकरीला लागलास तेव्हा काय करून दाखवलं होतंस? तुला घेतलंच ना कुणीतरी!"

दोन्ही बाजू जोरात होत्या. मोबाइलवर आकडे निघाले, जुने व्हिडिओ निघाले. माझी आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण अर्धा तास ऐकून ती म्हणाली, "त्या पोराला खेळायला देणार आहेत, का नुसतंच बसवून ठेवणार?"

सगळे गप्प झाले. कारण किमतीवर बोलून झालं होतं, गोलांवर बोलून झालं होतं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

त्या रात्रीपासून आईचा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपल्या मंडळाच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की हाच विषय घ्यावा. नवख्या पोराला संघात घ्यावं का, हा प्रश्न इंग्लंडमधल्या क्लबांपुरता नाही. आपल्याच माणसांत तो किती वर्षं रंगतो आहे, हे मी जवळून पाहिलंय.

कोल्हापूरची गॅलरी

नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षं कोल्हापुरात होतो. आमच्या या सीमेवरच्या गावात क्रिकेटचंच राज्य. पुढे धारणीकडे गेलं की महाराष्ट्र, मागे बऱ्हाणपूर आणि खंडवा. बाजारात मराठी, हिंदी, निमाडी, कोरकू सगळं ऐकू येतं, पण मुलांच्या हातात बॅटच दिसते. त्यामुळे मराठी माणूस फुटबॉलसाठी इतका वेडा होऊ शकतो, हे मला कोल्हापुरात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

तिथले संघ म्हणजे मुळात तालमी. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या पेठांनी फुटबॉल आपलासा केला आणि पेठेची इभ्रत संघाशी जोडली गेली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, ही संस्था १९४० सालची. तिच्या साखळी स्पर्धेने हंगाम सुरू होतो आणि मग एकामागून एक स्पर्धा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. भर उन्हात छत्रपती शाहू स्टेडियमची गॅलरी भरलेली असते. म्हाताऱ्या आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे तिथे तज्ज्ञ.

त्या गॅलरीत मी जो वाद पुन्हा पुन्हा ऐकला तो आमच्या ओसरीवरच्या वादाचा सख्खा भाऊ. बाहेरून खेळाडू आणायचा, की पेठेतलं पोरगं उभं करायचं? कोल्हापुरातल्या संघांमधून नायजेरिया, घाना अशा देशांतले खेळाडू खेळलेत. उंचेपुरे, ताकदीचे, एका सामन्यात निकाल फिरवणारे. त्यांच्या येण्याने खेळाचा वेग वाढला, गर्दी वाढली, आणि स्थानिक पोरांना दणकट बचावपटूंशी भिडायची सवयही लागली. हे सगळं खरं आहे. पण मैदानावर जागा अकराच. पुढच्या फळीत बाहेरचा तयार खेळाडू आला की तालमीतलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं बाकावर जाऊन बसतं.

"आज मॅच जिंकायची का पाच वर्षांनी?" असं एक गृहस्थ माझ्या शेजारी बसून ओरडत होते. त्यांच्या पलीकडचे शांतपणे म्हणाले, "पाच वर्षांनी पण मॅच असणारच आहे की. तेव्हा कोण खेळणार?"

मला दोघांचंही पटलं, आणि अजूनही पटतं. चाहत्याला आज जिंकायचं असतं, यात त्याची चूक नाही. तो तिकीट आजचं काढतो.

रिक्षावाल्याचा मुलगा

याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव. जन्म जुलै २०००चा. वडील रिक्षा चालवायचे. शाळकरी वयात तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात पोचला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात फिफाचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीच्या मैदानावर भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल की पोरं कच्ची आहेत.

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या मुलांचा एक वेगळा संघ केला आणि तो आय-लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळायला उतरवला. इंडियन ॲरोज हे त्याचं नाव. २०१० मध्ये सुरू झालेली आणि मध्यंतरी बंद पडलेली ही कल्पना होती, तिला नव्याने जीव दिला. संघात एकही परदेशी खेळाडू नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची सवलत अशी की हा संघ तक्त्यात तळाला राहिला तरी त्याला खालच्या गटात ढकललं जाणार नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात त्यांचा पहिला सामना झाला. चेन्नई सिटीला त्यांनी ३-० असं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे, वय सतरा. हंगामाच्या शेवटी मात्र संघ खरोखरच तळाला राहिला. कुणी म्हणालं, पैसे वाया गेले. पण त्या हंगामात या मुलांना जी मिनिटं मिळाली, ती त्यांना दुसऱ्या कुठल्याही क्लबने दिली नसती. जीक्सन सिंग, सुरेश वांगजाम, रहीम अली, अन्वर अली ही नावं पुढे इंडियन सुपर लीगमध्ये आणि भारताच्या संघात दिसू लागली. अनिकेत जमशेदपूरकडे गेला, मग हैदराबादच्या २०२१-२२च्या विजेत्या संघात होता, आणि २०२२ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळला.

सगळ्यांचंच असं झालं नाही. विश्वचषकाच्या त्या एकवीस जणांपैकी काही मागे पडले. काहींना दुखापतींनी अडवलं. २०२२ मध्ये इंडियन ॲरोज हा संघच बंद झाला. तरीही माझ्या भाचीच्या भाषेत सांगायचं तर हिशेब तोट्याचा नव्हता. संधी देताना एकवीसच्या एकवीस निघतील असं धरून चालत नाही. चार-पाच निघाले तरी पुढची दहा वर्षं निभतात.

साठ हजार पौंड

आमच्या पोरांचा क्लब इंग्लंडमधला, म्हणून एक उदाहरण तिकडचं. मी त्यांना शेमस कोलमनची गोष्ट सांगितली. आयर्लंडमधल्या स्लायगो रोव्हर्स या क्लबातून एव्हर्टनने त्याला २००९च्या जानेवारीत घेतलं. वय वीस, किंमत साठ हजार पौंड. प्रीमियर लीगच्या बाजारात ही रक्कम चिल्लर म्हणावी इतकी. त्याचा पहिला मोठा सामना लिस्बनमध्ये बेनफिकाविरुद्ध होता आणि एव्हर्टन तो ०-५ असा हरलं.

आता जरा विचार करा. तुम्ही त्या रात्री एव्हर्टनचे चाहते असता तर काय म्हणाला असता? "साठ हजारांत आणखी काय मिळणार?" हेच ना? मी तरी हेच म्हटलं असतं.

क्लबने त्याला परत पाठवलं नाही, आणि बाकावर कुजतही ठेवलं नाही. २०१० मध्ये काही महिन्यांसाठी ब्लॅकपूल या खालच्या गटातल्या क्लबाला उसना दिला. तिथे तो नियमित खेळला आणि त्याच हंगामात ब्लॅकपूल प्रीमियर लीगमध्ये पोचलं. मग तो एव्हर्टनला परतला, उजव्या बाजूचा बचाव त्याने आपलासा केला, चारशेहून जास्त सामने खेळला आणि क्लबचा कर्णधार झाला. त्याच्या साठ हजारांवर चाहत्यांनी गाणं रचलं. ज्या आकड्यावरून हिणवता आलं असतं, तोच कौतुकाचा झाला.

धाकटा म्हणाला, "म्हणजे काका, उसना देणं हे बाहेर काढणं नसतं?"

नसतं. पण ते कसं दिलं यावर सगळं अवलंबून. जिथे पोरगं खेळणार आहे तिथे पाठवलं तर ते शिक्षण. नुसती जागा मोकळी करायला पाठवलं तर ते हाकलणंच.

दुसरी बाजूही ऐका

पुण्याच्या पुतण्याचं म्हणणं मला झटकून टाकायचं नाही. तो म्हणाला, "तुम्ही जे मोठे झाले त्यांच्याच गोष्टी सांगता. जे झाले नाहीत त्यांची नावं कुणाला आठवतात?" अगदी बरोबर. लेस्टरने २०१४ मध्ये रियाद महरेझला सुमारे साडेचार लाख पौंडांना घेतलं आणि २०१८ मध्ये सहा कोटींना विकलं, मधे लीगही जिंकली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच किमतीत घेतलेले आणि वर्षभरात विसरले गेलेले कितीतरी असतील, त्यांच्यावर लेख येत नाहीत.

आणि नवखा म्हणजे नेहमी स्वस्तच असतो असंही नाही. मँचेस्टर युनायटेडने २०१० मध्ये पोर्तुगालहून बेबे नावाच्या तरुणाला सत्तर लाख पौंडांहून जास्त मोजून घेतलं. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर सांगितलं की करार करण्याआधी त्यांनी त्याला खेळताना पाहिलंच नव्हतं. युनायटेडकडून तो जेमतेम सात सामने खेळला. पोराचा दोष म्हणावा का? तो जिथून आला होता तिथून या मैदानापर्यंतची उडी मोजायचं काम घेणाऱ्यांचं होतं.

म्हणून ओसरीवर आम्ही शेवटी एक यादी केली. भाचीने ती वहीच्या मागच्या पानावर लिहिली. गोलांच्या आकड्याआधी बघायच्या गोष्टी अशा: सतरा सामने म्हणजे किती मिनिटं? पहिल्यापासून उतरला, की शेवटची दहा मिनिटं? त्याला प्रत्यक्ष मैदानावर कुणी आणि किती वेळा पाहिलं? आपल्या संघात त्याच्या जागेवर आधी कोण आहे, आणि तो आणखी किती वर्षं खेळणार? पहिल्या वर्षी चुकला तर काय करायचं, हे आधी ठरलंय का?

शेवटचा प्रश्न आजीचाच होता, फक्त नव्या शब्दांत. पुतण्या म्हणाला, "या चारही प्रश्नांची उत्तरं असतील तर मीपण हो म्हणेन." वाद तिथेच निम्मा मिटला.

पैसा मागे कुठपर्यंत येतो

एक गोष्ट आपल्या घरांतल्या पालकांसाठीही. फिफाच्या नियमांत लहान क्लबांची थोडी तरी आठवण ठेवलेली आहे. करार चालू असलेला खेळाडू एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. १२ ते १५ या वयोगटासाठी वर्षाला पाव टक्का आणि १६ ते २३ साठी वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे १२ ते १५ या वयात चार वर्षं एखाद्या छोट्या क्लबाने पोराला शिकवलं आणि पुढे तो एक कोटीला विकला गेला, तर त्या क्लबाचा वाटा एक लाख रुपये. गावातल्या क्लबासाठी लाखभर रुपये म्हणजे चेंडू, जाळी, बूट आणि दोन वर्षांचा प्रवासखर्च.

पण हे पैसे कागदावर मिळतात. पोराची महासंघाकडे रीतसर नोंदणी नसेल, कुठल्या वर्षी कुठे खेळला याचा पुरावा नसेल, तर काहीच हाती येत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी मनापासून खेळत असेल तर नोंदणी करून घ्या.

आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला खेळण्यासाठी परदेशी क्लबात नेणं काही मोजके अपवाद सोडले तर नियमात बसत नाही, आणि अठराच्या आतल्या खेळाडूचा करार तीन वर्षांहून लांब करता येत नाही. त्यामुळे "तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला युरोपात खेळवतो, आधी इतके भरा" असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि नमस्कार करा. पैसे देऊ नका.

आमच्या गावातला निर्णय

आता जे सांगणार आहे ते ओसरीवर मी सगळ्यात शेवटी सांगितलं. आतापर्यंत घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरहून परतल्यावर माझ्या अंगात फुटबॉल शिरला होता. गावातली आणि आसपासची पोरं गोळा करून मी एक संघ उभा केला. शाळेमागचं मैदान, दोन्हीकडे बांबू रोवून केलेले गोल. त्यात गावाबाहेरच्या ढान्यावरचा एक कोरकू मुलगा यायचा. आमच्याकडे कोरकू वस्तीला ढाना म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. अंगाने बारीक, पण चेंडू पायाशी आला की सुटायचा नाही. सकाळी गुरं सोडून यायचा आणि सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायचा. बोलायचा फार कमी.

जवळच्या एका गावात स्पर्धा होती. आम्ही घरोघरी वर्गणी मागितली, थोडी रक्कम जमली. प्रश्न आला की पुढच्या फळीत कोण? काही जण म्हणाले, या पोराला खेळवू, तो तयार आहे. काही म्हणाले, शहरातून एक चांगला खेळाडू पैसे देऊन आणू, निदान एक मॅच तरी जिंकू. मतं सारखी पडली. निर्णय माझ्यावर आला आणि मी शहरातला खेळाडू आणला.

पहिला सामना आम्ही हरलो. आणलेला खेळाडू वाईट नव्हता, पण त्याला आमच्या पोरांची नावंसुद्धा माहीत नव्हती. संध्याकाळी पैसे घेऊन तो निघून गेला. आमचा मुलगा पूर्ण वेळ बाहेर बसला होता, बूट घालून, नाड्या बांधून. मी त्याला शेवटची पाच मिनिटंही आत पाठवलं नाही. हरतच आलो होतो, तरी नाही. कारण मला वाटलं, आता उगीच कशाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवड्याने बाजारात दिसला. "येतोस ना उद्या?" मी विचारलं. तो हसला आणि "येतो" म्हणाला. पण आला नाही. पुढच्या वर्षी कळलं की तो घरच्यांबरोबर कामासाठी बाहेरगावी गेला. संघही दोन वर्षांत मोडला.

तो मोठा खेळाडू झाला असता असं मी म्हणत नाही. ते कुणालाच माहीत नाही. पण ते कळायची एक संधी होती आणि ती त्या दिवशी माझ्या हातात होती.

हे ऐकून पोरं काही बोलली नाहीत. भाचीने वही मिटली. पुतण्याने विचारलं, "मामा, तुम्ही त्याला नंतर कधी भेटलात?"

"भेटलो. मागच्या वर्षी. त्याचा मुलगा आता शाळेत आहे."

"खेळतो?"

"क्रिकेट," मी म्हणालो आणि सगळे हसले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही जण शाळेमागच्या मैदानावर गेले. पुण्याहून आणलेला चेंडू होता. गावातली दहा-बारा पोरं जमली, त्यांच्यात ढान्यावरचीही चार-पाच होती. संघ पाडताना धाकटा पुतण्या कप्तान झाला. एक अगदी किरकोळ पोरगा शेवटपर्यंत कुणी घेतला नव्हता, तो हातात चप्पल धरून कडेला उभा होता. धाकट्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला हाक मारली, "ए, तू ये. पुढे उभा राहा."

पोरगा पहिल्या दहा मिनिटांत दोनदा पडला आणि एक सोपा गोल चुकला. कुणी त्याला बाहेर काढलं नाही.